कान एडिसनचा, गाणे लोकांचे

घरात गाणी ऐकायचे यंत्र घ्यायचे ठरले की सगळे घर तज्ज्ञ होते. थोरल्याला वॅटची चिंता, धाकट्याला स्पीकरच्या घुमेची, आणि गृहिणीला ते धूड ठेवायचे कुठे याची. रेडिओ गेला, रेडिओग्राम आला. मग कॅसेट डेक, मग सीडी, मग खिशातला फोन. आणि आता ज्यांच्या आजोबांनी रेकॉर्डी रद्दीत काढल्या त्यांचे नातू टर्नटेबल शोधत दुकाने पालथी घालतात. प्रत्येक खेपेला विक्रेत्याची ग्वाही मात्र तीच असते. डोळे मिटा, गायक तुमच्या दिवाणखान्यात बसून गातो आहे असे वाटेल! ही ग्वाही भरल्या सभागृहांतून, पैजेचा विडा उचलावा तशी देणारा गृहस्थ म्हणजे थॉमस अल्वा एडिसन. शाळेच्या पुस्तकात तो आपल्याला विजेच्या दिव्याखाली भेटतो. त्याचे सर्वांत लाडके अपत्य मात्र फोनोग्राफ होते. त्या अपत्याचे त्याने काय केले ही हकिकत, नवे यंत्र घ्यायला निघालेल्या माणसाने एकदा ऐकून ठेवावी अशी आहे.

पहिली गोष्ट ही की ज्याने जगात सर्वप्रथम आवाज साठवून पुन्हा ऐकवला, त्याला स्वतःला नीट ऐकू येत नव्हते. ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या मिलान या गावी त्याचा जन्म झाला. पुढे कुटुंब मिशिगनमधील पोर्ट ह्यूरनला गेले. तिथे पोरवयातच तो ग्रँड ट्रंक रेल्वेच्या गाडीत वर्तमानपत्रे आणि खाऊ विकू लागला. त्याच सुमारास त्याचे कान अधू होत गेले. नंतर तो तारायंत्रावर काम करू लागला. तिथे हे अधूपण त्याच्या पथ्यावर पडले. खोलीतला बाकीचा गलका त्याला ऐकूच येत नसे. समोरच्या यंत्राची कट्ट-कडकट्ट तेवढी कानात शिरे. आवाज म्हणजे काहीतरी हलणारी, बोटाला जाणवणारी वस्तू आहे, हे त्याला इतरांहून लवकर कळले ते बहुधा यामुळेच.

१८७७ सालच्या डिसेंबरात न्यू जर्सीतील मेन्लो पार्क इथल्या प्रयोगशाळेत जॉन क्रूसी या कारागिराने त्याच्या आराखड्याबरहुकूम एक यंत्र तयार केले. पन्हळ पाडलेली नळी, तिच्यावर गुंडाळलेला कथलाचा पातळ वर्ख, फिरवायला हाताची मूठ. एडिसनने त्यात मेरी आणि तिच्या कोकराचे बालगीत म्हटले, नळी मागे घेतली, पुन्हा फिरवली, आणि यंत्र ते बालगीत म्हणू लागले. १९ फेब्रुवारी १८७८ रोजी त्याला या शोधाचे पेटंट मिळाले.

त्याच वर्षी एका मासिकात त्याने या यंत्राचे दहा उपयोग सांगितले. पहिला उपयोग कचेरीतली पत्रे तोंडी सांगण्याचा. दुसरा, अंधांसाठी बोलकी पुस्तके. तिसरा, वक्तृत्वाचे शिक्षण. संगीत चौथ्या क्रमांकावर! गाण्याचे यंत्र ज्याने जगाला दिले, त्याच्या यादीत गाणे इतके खाली होते.

मग दहा वर्षे एडिसन दिव्याच्या मागे लागला. दरम्यान दुसऱ्यांनी वर्खाऐवजी मेणाची नळी वापरून यंत्र सुधारले, आणि १८८७ साली एमिल बर्लिनर याने नळीऐवजी सपाट तबकडीचा ग्रामोफोन पुढे आणला. एडिसन खडबडून जागा झाला. १८८८ च्या जूनमध्ये अहोरात्र खपून त्याने नवा फोनोग्राफ सिद्ध केला. विस्कटलेल्या केसांचा, थकल्या डोळ्यांचा एडिसन यंत्रापाशी बसला आहे, तो प्रसिद्ध फोटो तेव्हाचा. एवढे करूनही हे यंत्र कचेऱ्यांना भाड्याने देण्याचा धंदा चालला नाही. चालले ते भलतेच. १८८९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका मद्यगृहात कोणीतरी फोनोग्राफला नाणे टाकायची सोय केली आणि लोक रांगा लावून गाणी ऐकू लागले. यंत्र कशासाठी आहे हे शेवटी गिऱ्हाइकाने ठरवले.

एडिसन हट्टी असला तरी धंद्यात आंधळा नव्हता. १८९६ पासून त्याने चावीवर चालणारी घरगुती यंत्रे काढली. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची जेम, स्टँडर्ड, होम आणि ट्रायम्फ ही यंत्रे अनुक्रमे दहा, वीस, तीस आणि पन्नास डॉलरला मिळत. खिशाप्रमाणे पायऱ्या! जेम घेतलेल्याने स्टँडर्डकडे बघत उसासा टाकायचा, स्टँडर्डवाल्याने होमकडे. ही शिडी आजच्या दुकानांतही तशीच उभी आहे.

१९०८ साली दुसरा खेळ सुरू झाला. तोवर नळीवर जेमतेम दोन मिनिटांचे गाणे मावे. एडिसनने खाचा दुप्पट बारीक केल्या, एका इंचात शंभराऐवजी दोनशे, आणि चार मिनिटांची अँबेरॉल नळी विकायला काढली. पण जुन्या यंत्रावर ती वाजेना. त्यासाठी दातेरी चाकांचा जोड घ्यायचा, नवी सुई बसवलेला ध्वनिपेटीचा भाग घ्यायचा, नाहीतर यंत्रच बदलायचे. घरात चांगले चालणारे यंत्र एका सकाळी जुने ठरते, ही गोष्ट अमेरिकन कुटुंबांनी तेव्हा अनुभवली. आपण ती पुढे कितीदा अनुभवली, याचा हिशेब प्रत्येकाने आपापल्या माळ्यावर जाऊन करावा.

तबकडीने मात्र नळीला हळूहळू मागे टाकले. तबकडी ठेवायला सोपी, छापायला स्वस्त. शिवाय व्हिक्टर कंपनीने १९०६ साली कर्णा लाकडी कपाटात लपवून व्हिक्ट्रोला आणला. दोनशे डॉलर किंमत असूनही तो खपला, कारण दिवाणखान्यात तो शोभे. आणि व्हिक्टरकडे कारुसो होता. या इटालियन गायकाच्या तबकड्यांसाठी लोक यंत्र घेत. यंत्र आधी आणि गाणे मागाहून, हा क्रम व्हिक्टरने उलटा केला होता.

एडिसनने यावर दिलेले उत्तर अभियंत्याचे होते. १९१२-१३ मध्ये त्याने डायमंड डिस्क बाजारात आणली. तबकडी पाव इंच जाड, जड, सहजी न वाकणारी. इतर कंपन्यांच्या तबकडीत सुई डावी-उजवीकडे डोलते. एडिसनच्या तबकडीत ती वर-खाली, खाचेतल्या टेकड्या आणि दऱ्या चढत-उतरत जाते. व्हिक्टरची पोलादी सुई दर बाजूला बदलावी लागे. इथे घासून घडवलेला हिरा, तो कायमचा. सुईला खाचेने ओढायचे नाही. यंत्रातला स्क्रूच ध्वनिपेटीला पुढे सरकवी, त्यामुळे तबकडीची झीज कमी. तज्ज्ञ आजही मान्य करतात की विजेशिवाय चालणाऱ्या यंत्रांत इतका स्वच्छ आवाज दुसऱ्या क्वचितच कोणाचा होता.

आणि तरीही लोक व्हिक्टर घेत राहिले. एक तर एडिसनच्या यंत्रावर दुसऱ्या कोणाची तबकडी वाजत नसे, आणि दुसऱ्यांच्या यंत्रावर एडिसनची. म्हणजे एडिसनचे यंत्र घेणाऱ्याने एडिसनचीच गाणी ऐकायची. ती गाणी निवडत कोण होते? अधू कानांचा एडिसन!

त्याने हा अधिकार कोणालाच दिला नाही. गायकांच्या चाचणीच्या मुद्रिका तो स्वतः ऐके, कान कर्ण्यात खुपसून. कधी यंत्राच्या वा पियानोच्या लाकडाला दात लावून. हाडांतून चढणारा सूर त्याला अधिक कळे. सुराची थरथर त्याला खपत नसे. अशा ऐकण्याने बारीकसारीक दोष त्याला दिसत, हे खरे. पण ज्या थरथरीला तो खोट म्हणे तिच्यासाठीच लोक ऑपेराची महाग तिकिटे काढत. त्याला आवडत ती साधी, घरगुती, डोळ्यांत पाणी आणणारी जुनी गाणी. जॅझचा त्याला तिटकारा. गायकाच्या नावाला पैसे मोजणे त्याला उधळपट्टी वाटे, इतकी की सुरुवातीच्या डायमंड डिस्कवर गायकाचे नावच नसे. रशियन पियानोवादक राखमानिनोव्हने १९१९ साली एडिसनसाठी वाजवले आणि दुसऱ्याच वर्षी तो व्हिक्टरकडे गेला.

माझी नोकरी बँकेत झाली. कर्जाच्या अर्जाबरोबर यंत्राचे कोटेशन नेहमी चोख असते. त्यातून निघणारा माल घेणार कोण, या रकान्यात मात्र दोन ओळी कशाबशा असतात. एडिसनची फाइल तशी होती. यंत्राच्या रकान्यात शंभरपैकी शंभर गुण, आणि दुसऱ्या रकान्यात मालकाची आवड.

मालाच्या शुद्धतेची खात्री पटवायला त्याच्या कंपनीने १९१५ पासून एक विलक्षण खेळ मांडला. रंगमंचावर यंत्र, शेजारी गायिका. ती गाते, मध्येच ओठ मिटते, गाणे चालूच राहते. मग दिवे मालवतात. गाते आहे कोण, बाई की यंत्र? दिवे लागतात तेव्हा बाई केव्हाच निघून गेलेली असते! १९१६ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मारी रॅपोल्ड हिने हा प्रयोग केला. पुढे गावोगाव हजारो प्रयोग झाले, आणि आपल्याला फरक कळला नाही असे लोक शपथेवर सांगत.

आज ती मुद्रिका ऐकली तर फरक कोणालाही कळेल. मग लोक खोटे बोलत होते का? तसे नव्हे. अॅना केस ही त्या खेळातली नामवंत गायिका. यंत्राशी जुळावा म्हणून आपण आवाज मुद्दाम तसा लावत होतो, हे तिने उतारवयात सांगून टाकले. यंत्र माणसासारखे गात नव्हते, माणूस यंत्रासारखे गात होता. आणि श्रोत्यांनीही आपला कान त्या मापाला बसवून घेतला होता. नवे यंत्र घरी आणल्यावर पहिले पंधरा दिवस आपणही हेच करतो. पैसे मोजलेले असतात, तेव्हा कान सुधारल्याशिवाय राहत नाही.

या कथेत एडिसनला हसून मोकळे होता येत नाही. ९ डिसेंबर १९१४ च्या रात्री वेस्ट ऑरेंजचा त्याचा कारखाना जळाला. सदुसष्ट वर्षांचा हा माणूस लगोलग पुन्हा उभारणीला लागला. महायुद्धामुळे तबकडीसाठी लागणारे फिनॉल मिळेना, तेव्हा ते बनवायचा कारखानाच त्याने काढला. १९२६ साली त्याने इंचाला साडेचारशे खाचांची तबकडी काढली. बारा इंची तबकडीच्या दोन्ही बाजू मिळून चाळीस मिनिटे! आपल्या ओळखीची एलपी बाजारात यायला अजून बावीस वर्षे होती. पण आवाज क्षीण, खाचा नाजूक. ती तबकडी बुडाली.

१९२५ साली व्हिक्टर आणि कोलंबिया यांनी मायक्रोफोनवर, विजेच्या साह्याने ध्वनिमुद्रण सुरू केले. एडिसन अडून राहिला. ज्याने घरोघरी वीज नेली त्याला आपल्या गाण्यात वीज नको होती! १९२७ मध्ये मुलांच्या आग्रहापुढे कंपनी नमली, तेव्हा उशीर झाला होता. घरात रेडिओ आला होता आणि तो फुकट गात होता. ऑक्टोबर १९२९ मध्ये एडिसनच्या कंपनीने गाण्यांचा धंदा बंद केला. दोन वर्षांनी, १८ ऑक्टोबर १९३१ रोजी, वेस्ट ऑरेंजमध्ये तो वारला.

त्याच्या हट्टाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. नळीचा जमाना संपून कैक वर्षे झाली, इतरांनी नळ्या कधीच थांबवल्या, तरी एडिसनची कंपनी १९२९ पर्यंत नळ्या काढत राहिली. खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांनी एके काळी विश्वासाने त्याची यंत्रे घेतली होती. त्यांना वाजवायला काही तरी हवे होते. धंद्याच्या गणितात हे बसत नाही. दर दोन वर्षांनी जुन्या यंत्राकडे पाठ फिरवणाऱ्या आजच्या कंपन्यांच्या पार्श्वभूमीवर तर ते वेडेपणाचेच वाटेल. गिऱ्हाइकाची आवड त्याने मानली नाही, पण गिऱ्हाइकाला त्याने वाऱ्यावर सोडले नाही.

आपल्याकडे फोनो म्हणून जो घराघरांत पोचला, तो मुख्यत्वे बर्लिनरच्या तबकडीचा वंश. ग्रामोफोन कंपनीच्या रेकॉर्डी, त्यांच्यावर कर्ण्यापुढे बसलेला तो कुत्रा. चहाचा कप विसरून लोकांनी ज्या मैफली ऐकल्या त्या खरखरीसकट ऐकल्या. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या रेकॉर्डीने ज्यांना वेड लावले, त्यांच्या घरातले यंत्र कोणत्या दर्जाचे होते हे कोणी विचारले नाही. त्यांनी गाणे घेतले होते, यंत्र त्याच्याबरोबर आले.

म्हणून चांगले यंत्र घेऊच नये असे नाही. जरूर घ्यावे, परवडेल तेवढे चांगले घ्यावे. फक्त दुकानात जाताना विक्रेत्याची मुद्रिका ऐकू नये. आपली घासलेली, पाठ झालेली, आवडती मुद्रिका बरोबर न्यावी आणि ती कशी वाजते ते पाहावे. ज्या यंत्रावर आपले गाणे वाजत नाही ते कितीही शुद्ध असले तरी आपल्या कामाचे नाही.

एडिसनच्या काळातल्या हजारो नळ्या सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने जतन केल्या आहेत, आणि आज त्या कोणालाही घरबसल्या, साध्या फोनवर ऐकता येतात. हिरा नाही, चावी नाही, दातेरी चाकांचा जोड नाही. खरखर मात्र आहे. ती ओलांडून एखादा आवाज आपल्याला धरून ठेवतो, आणि आपण पहिल्यांदा शोधतो ते, एडिसनला जे छापणेही व्यर्थ वाटत होते ते, गाणाऱ्याचे नाव.