न्यायासनावरून विद्यापीठात : न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर

गावावरून आडनाव घेतलेली घराणी आपल्या सीमाभागात पुष्कळ आहेत. त्यांतले एक आडनाव देशाच्या सरन्यायाधीशपदापर्यंत पोहोचले. घोरपड्यांच्या जहागिरीचे गजेंद्रगड पूर्वी धारवाड जिल्ह्यात होते, आता ते गदग जिल्ह्यात येते. तेथून साताऱ्याला स्थायिक झालेल्या एका शास्त्री घराण्यात १६ मार्च १९०१ रोजी प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांचा जन्म झाला. थोरले बंधू अश्वत्थामाचार्य हे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतचे नामांकित प्राध्यापक होते.

प्रल्हादरावांचे कॉलेजचे शिक्षण आधी धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झाले. पुण्यातच कायद्याची पदवी घेऊन १९२६ साली त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. घरचे संस्कृत येथे कामी आले. दत्तकविधानावरील ‘दत्तकमीमांसा’ या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती त्यांनी सिद्ध केली. १९४५ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १ फेब्रुवारी १९६४ रोजी सरन्यायाधीश झाले.

त्याच वर्षी मोठा पेच उभा राहिला. उत्तर प्रदेश विधानसभेने केशव सिंह यांना अवमानाबद्दल तुरुंगात धाडले होते. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्यांना जामीन दिला, तेव्हा विधानसभेने त्या न्यायमूर्तींनाच पकडून आणण्याचा ठराव केला. राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचे मत मागितले. गजेंद्रगडकरांच्या अध्यक्षतेखालील सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितले, की जामिनाचा आदेश देणाऱ्या न्यायाधीशाला सभागृहाचा अवमान केला म्हणून शासन करता येत नाही. न्यायाधीश निर्भय राहिला नाही, तर सामान्य माणसाने दाद मागायची कोणाकडे, हाच तेथे खरा प्रश्न होता.

१९६६ मध्ये, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, ते निवृत्त झाले. मग त्यांनी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद पत्करले आणि १९७१ पर्यंत सांभाळले. न्यायासनावर दोन्ही बाजू ऐकून निकाल दिला, की तो पाळावाच लागतो. विद्यापीठात प्राध्यापक, विद्यार्थी, सिनेट अशा सर्वांना पटवून पुढे जावे लागते, आणि तो काळ तर देशभरच्या विद्यार्थी असंतोषाचा होता. विद्यापीठांच्या कारभारावर नेमलेल्या समितीचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी त्या कारभारात विद्यार्थ्यांनाही स्थान असावे, असा आग्रह धरला. कुलगुरू असतानाच त्यांनी पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्षपदही भूषवले. त्याचा अहवाल १९६९ मध्ये सादर झाला.

पुढे १९७१ ते १९७७ ते विधी आयोगाचे अध्यक्ष होते. १९७२ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. १२ जून १९८१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

गजेंद्रगड, धारवाड, सातारा, पुणे आणि मुंबई ही सारी गावे या एका आयुष्याने जोडली. आपल्या मुलांपैकी कोणी कायद्याकडे वळत असेल, तर हे चरित्र त्याला अवश्य सांगावे.