दाताविना हाड झिजते, हे ओळखणारे जॉन हंटर

दाढ काढल्यावर त्या रिकाम्या जागेकडे आपण सहसा दुर्लक्ष करतो. दोन-चार वर्षांनी कृत्रिम दात बसवण्याचा विचार मनात येतो, तेव्हा डॉक्टर क्ष-किरण चित्र दाखवून सांगतात, की जबड्याचे हाड झिजले आहे, आधी तेथे हाडाची भर घालावी लागेल. हे ऐकून रुग्ण चकित होतो. गेला होता दात. हाड कसे गेले? या प्रश्नाचे मर्म अडीचशे वर्षांपूर्वी लंडनमधील एका शल्यविशारदाने ओळखले होते. त्यांचे नाव जॉन हंटर.

हंटर यांचा जन्म १७२८ साली स्कॉटलंडमधील ग्लासगोजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. दहा भावंडांत ते धाकटे. शाळेत त्यांचे मन कधी रमले नाही आणि विद्यापीठाची पदवीही त्यांनी मिळवली नाही. मात्र थोरले बंधू विल्यम लंडनमध्ये शरीररचनाशास्त्राची शाळा चालवीत. १७४८ मध्ये जॉन त्यांच्याकडे दाखल झाले आणि शवविच्छेदनात लवकरच निष्णात झाले. पुढे सैन्यात शल्यचिकित्सक म्हणून काम करून १७६३ मध्ये ते परतले. तेव्हा हाती पुरेसा व्यवसाय नव्हता. अशा काळात त्यांनी जेम्स स्पेन्स या दंतवैद्यासोबत काम सुरू केले. दंतवैद्यकाला त्या काळी फारशी प्रतिष्ठा नव्हती; पण हंटर यांनी त्याकडे शास्त्रज्ञाच्या नजरेने पाहिले.

१७७१ मध्ये मानवी दातांविषयीचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दात ज्या खोबणीत रुतलेले असतात, ते हाड जबड्यापेक्षा दातांचेच अधिक असते, असा निष्कर्ष त्यांनी त्यात मांडला. हे हाड दातांबरोबर तयार होते, त्यांच्याबरोबर वाढते आणि दात गेल्यावर विरून जाते. हाड म्हणजे निर्जीव खांब नव्हे, हे त्यांना प्रयोगांतूनही दिसले होते. मंजिष्ठेच्या जातीच्या वनस्पतीची मुळे खाऊ घातलेल्या प्राण्यांची नवी हाडे तांबडी होतात. त्या रंगाचा माग काढत त्यांनी दाखवले, की हाड एका बाजूने घडत असते आणि दुसऱ्या बाजूने शोषले जात असते.

याच जिज्ञासेतून त्यांनी नुकताच काढलेला मानवी दात कोंबड्याच्या तुऱ्यात रोवून पाहिला. दात तेथे धरल्याचे पाहून जिवंत दात एका माणसाकडून दुसऱ्याला देता येईल, याविषयी त्यांची खात्री पटली. त्यांच्या नावाच्या वजनामुळे धनिकांत या उपचाराची लाट आली. गरीब मुलामुलींचे निरोगी दात चार पैसे देऊन उपटले जात आणि श्रीमंतांच्या तोंडी बसवले जात. १७८७ मध्ये चित्रकार थॉमस रोलँडसन यांनी आपल्या व्यंगचित्रातून या क्रूर सौद्यावर कोरडे ओढले. रोपलेले दात फार काळ टिकत नसत. त्यातून गंभीर आजार पसरल्याच्या तक्रारीही झाल्या; पण तो संसर्ग गुप्तरोगाचा आहे, हे हंटर यांनी मान्य केले नाही. शतक संपता संपता ही पद्धत मागे पडली.

हंटर यांच्या ज्ञानलालसेला अनेकदा मर्यादा राहत नसे. मृत्यूनंतर आपला देह समुद्रात सोडावा, अशी चार्ल्स बर्न या अतिउंच आयरिश माणसाची इच्छा होती. तरीही १७८३ मध्ये त्याचा देह मिळवून हंटर यांनी त्याचा सांगाडा आपल्या संग्रहात ठेवला. लंडनच्या हंटेरियन संग्रहालयाने २०२३ मध्ये तो प्रदर्शनातून हटवला. दुसरीकडे, देवीची लस शोधणारे एडवर्ड जेन्नर यांच्यासारखे शिष्य हंटर यांनीच घडवले, हेही विसरता येत नाही. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयातील एका वादळी बैठकीत त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यातच त्यांचे निधन झाले.

दुसऱ्याचा दात रोवण्याचा त्यांचा मार्ग चुकला. हाडाविषयीचे त्यांचे निरीक्षण मात्र टिकले. १९६५ मध्ये स्वीडनचे ब्रोनेमार्क यांनी रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमची मुळे बसवली आणि दंतरोपणाचे नवे पर्व सुरू झाले. पण त्या मुळांनाही आधार हवा तो हाडाचाच. ते अपुरे असेल तर रुग्णाच्याच हनुवटीचे किंवा जबड्याच्या मागील भागाचे हाड, दात्याचे अथवा गाईचे प्रक्रिया केलेले हाड किंवा कृत्रिम खनिज तेथे भरले जाते. वरच्या दाढांच्या जागी गालामागील पोकळीचा तळ उचलून भर घालावी लागते. भरलेल्या हाडात शरीराचे स्वतःचे हाड उगवेपर्यंत अनेक महिने थांबावे लागते. कारण हाड घडण्या-विरण्याचा हंटर यांनी पाहिलेला खेळ घाई सोसत नाही.

हाडाची सर्वाधिक झीज दात काढल्यानंतरच्या पहिल्या वर्षातच होते. म्हणून दात काढण्याची वेळ आली, तर पुढे त्या जागी काय करायचे, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारलेले बरे. इतकी वर्षे उलटूनही हंटर यांच्या ग्रंथातील तो निष्कर्ष आपल्याला हेच सांगतो.