एलिझाबेथ गूल्ड

हिमालयाच्या उतारावरील अरण्यांत फुलांतील मध चाखीत फिरणारा एक चिमुकला शिंजीर पक्षी आहे. नराची पाठ गडद लाल, पोट पिंवळें, आणि माथा, कंठ व लांब शेपटी निळीजांभळी असते. त्याच्या शास्त्रीय नांवांतील 'गूल्डी' हें पद एका कष्टाळू स्त्रीचें स्मारक होय.

एलिझाबेथ कॉक्सेन यांचा जन्म इंग्लंडांत रॅम्सगेट या बंदरगांवीं ता. १८ जुलै १८०४ रोजीं झाला. तरुणपणीं त्या लंडनमध्यें एका कुटुंबांत राहून मुलांस शिकवीत असत. १८२९ सालीं त्यांचा विवाह जॉन गूल्ड यांच्याशीं झाला. हे गृहस्थ लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाकडे मृत पक्ष्यांस पेंढा भरून पूर्वरूप देण्याचें काम करीत. पुढल्याच वर्षीं हिमालयांतील पक्ष्यांचीं कातडीं त्यांच्या हातीं आलीं, व त्यांवर सचित्र ग्रंथ काढण्याचें त्यांनीं योजिलें. ओबडधोबड आराखडे ते काढीत. पण चित्रें कोणी काढावीं? तें काम पत्नीनें पत्करिलें. दगडावर चित्र उतरवून छापण्याची कला त्या नव्यानें शिकल्या, आणि ज्या हिमालयाचें दर्शन त्यांस कधींच घडलें नाहीं, तेथील शंभर पक्षी त्यांनीं ऐंशी चित्रांत सजीव केले. त्यांतच हा शिंजीर होता. व्हिगर्स नामक शास्त्रज्ञानें १८३१ सालीं त्यास बाईंचें नांव दिलें.

पुढें डार्विन यांच्या सफरींतील पक्ष्यांचीं पन्नास चित्रेंही बाईंनीं दगडावर उतरविलीं. १८३८ सालीं, तीन लहान मुलें आपल्या आईपाशीं ठेवून, पतीच्या कार्यास्तव त्या ऑस्ट्रेलियास गेल्या. तेथें त्यांस एक पुत्र झाला. तरी रेखाटनें चालूच होतीं. १८४० सालीं त्या घरीं परतल्या. परंतु आठव्या अपत्याच्या जन्मानंतर सूतिकाज्वरानें ता. १५ ऑगस्ट १८४१ रोजीं त्यांचा अंत झाला. सदतीस वर्षें पुरीं होऊन महिनाही लोटला नव्हता.

उण्यापुऱ्या बारा वर्षांत त्यांच्या हातून सहाशेंहून अधिक चित्रें उतरलीं. ग्रंथांच्या मुखपृष्ठावर मात्र पतीचें नांव ठळक. बाईंचें नांव चित्रांच्या तळाशीं, तेंही पतीच्या नांवास जोडून. त्यामुळें पुष्कळ काळ सारें श्रेय जॉन गूल्ड यांच्याच पदरीं पडलें. विद्यार्थ्यांनीं सुंदर चित्र पाहतांना त्याच्या तळची बारीक अक्षरेंही वाचावींत. खरे श्रम पुष्कळदां तेथेंच नोंदलेले असतात.