दुष्काळात आई-बाप गमावलेल्या रमाबाईंनी केडगावात उभं केलं हजारोंचं घर. त्या घरात बिनकामाचं कुणीच नव्हतं

केडगाव (ता. दौंड) : पुणे-दौंड रेल्वेमार्गावरचं केडगाव स्टेशन अनेकांना माहीत आहे. स्टेशनाजवळचं मुक्ती मिशनही माहीत आहे. पण सव्वाशे वर्षांपूर्वी इथल्या माळावर एका विधवा बाईनं जे घर उभं केलं, त्याची पूर्ण गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई. ५ एप्रिल हा त्यांचा स्मृतिदिन.

रमाबाईंबद्दल शाळेच्या पुस्तकात चार ओळी असतात. संस्कृतच्या पंडिता, समाजसुधारक, विधवांसाठी शाळा काढणाऱ्या. हे सगळं खरंच आहे. पण त्यांचं सगळ्यात मोठं काम वेगळंच होतं. दुष्काळात सापडलेल्या, घरच्यांनी टाकलेल्या, आंधळ्या, आजारी बायका-मुलींना त्यांनी नुसतं जेवू घातलं नाही, प्रत्येकीच्या हाताला काम दिलं. ख्रिस्ती मंडळी म्हणजे एक कुटुंब, आणि कुटुंबात घेणारे वेगळे नि देणारे वेगळे असं नसतं, ही गोष्ट त्यांनी करून दाखवली.

दुष्काळानं घर मोडलं

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. सह्याद्रीच्या घाटात, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळ इथं. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकांनी संस्कृत शिकू नये असा तो काळ. पण अनंतशास्त्रींनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं. त्यावरून जातभाईंचा रोष ओढवून घेतला. पुढं लक्ष्मीबाईंनीच लेकीला शिकवलं.

हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरायचं. पुराण सांगायचं, मिळेल त्या दक्षिणेवर गुजराण करायची. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. दक्षिणा देणाऱ्यांच्याच घरात दाणा राहिला नाही, तर पुराण सांगणाऱ्याला कोण देणार? होतं नव्हतं ते विकून झालं. अंगमेहनतीचं काम कधी केलेलं नव्हतं आणि भीक मागायची लाज वाटायची. थोडक्या काळात आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. सोळा वर्षांच्या आसपासची रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास, एवढेच मागं राहिले.

ही आठवण रमाबाईंच्या मनातून कधीच गेली नाही. डोक्यात हजारो श्लोक होते, पण पोटाला मिळवून देणारं काम हातात नव्हतं. पुढं केडगावात त्यांनी प्रत्येक मुलीला अक्षरासोबत हातचं कामही शिकवलं, त्याचं मूळ या दिवसांत सापडतं.

कलकत्ता ते इंग्लंड

बहीण-भाऊ पायी चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पण सुख फार टिकलं नाही. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. नवरा वेगळ्या जातीचा आणि वेगळ्या प्रांताचा. १८८१ मध्ये मुलगी झाली, मनोरमा. १८८२ च्या फेब्रुवारीत नवरा कॉलऱ्यानं गेला. वयाच्या तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या, पदरात वर्षाचीही न झालेली लेक.

त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं. सरकारच्या हंटर आयोगापुढं साक्ष दिली आणि बायकांसाठी बायका डॉक्टर व बायका शिक्षक हव्यात, असं सांगितलं.

वैद्यकीय शिक्षण घ्यायचं म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. कमी ऐकू येत असल्यामुळं डॉक्टर होणं जमलं नाही. वाँटेज गावातल्या ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात त्या राहत होत्या. या भगिनी समाजानं वाईट ठरवलेल्या बायकांना जवळ करत, त्यांची सेवा करत. अशा बायकांना कुणी हात धरून उठवतं, हे रमाबाईंनी पहिल्यांदा पाहिलं. त्याचा त्यांच्या मनावर फार परिणाम झाला. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात यावरून मोठी टीका झाली. पण महात्मा फुले रमाबाईंच्या बाजूनं उभे राहिले. ‘सत्सार’मध्ये त्यांनी रमाबाईंची पाठराखण केली.

ख्रिस्ती झाल्या म्हणून रमाबाई कुणाच्या हुकमात राहिल्या, असं मात्र नाही. चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात त्या संस्कृत शिकवत. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं असा विषय निघाला तेव्हा बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंना ते पटलं नाही. बाई आहे म्हणून शिकवायचं नाही, हे त्यांनी गावाकडंही ऐकलं होतं आणि आता चर्चमध्येही ऐकत होत्या. देवानं दिलेली विद्या आणि देवानं दिलेली बुद्धी वापरायला दुसऱ्या माणसाची परवानगी का लागावी, यावर त्यांनी भगिनींशी पत्रांतून पुष्कळ वाद घातला.

शारदा सदन आणि वादळ

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला रमाबाई गेल्या आणि तिथंच राहून त्यांनी हिंदू विधवांच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिलं, गावोगावी भाषणं केली. तिथल्या लोकांनी दहा वर्षं मदत देण्याचं कबूल केलं. त्या बळावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई होत्या. त्याच पुढं महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई कर्वे झाल्या.

शारदा सदनात वरच्या जातींतल्या विधवा असत. त्यांचे जातीचे नियम पाळले जात, स्वयंपाक वेगळा असे. पण रमाबाई स्वतः दार उघडं ठेवून प्रार्थना करत आणि काही मुली तिथं येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून पुण्यात वादळ उठलं. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ‘केसरी’नं कडक टीका केली. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. टीका करणाऱ्यांचं म्हणणं होतं की धर्मात ढवळाढवळ न करण्याचा शब्द मोडला. रमाबाईंचं म्हणणं होतं की कुणावर जबरदस्ती नाही आणि स्वतःची श्रद्धा लपवणारही नाही. हा वाद इतिहासात अजूनही चर्चिला जातो.

केडगावची शंभर एकर

परदेशी मदतीची मुदत संपत आली होती. संस्था स्वतःच्या पायावर उभी राहावी म्हणून रमाबाईंनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली. फळबाग लावायची, उत्पन्नावर शाळा चालवायची, असा साधा शेतकऱ्याचा हिशेब होता.

पण १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. बातमी कानावर आली तेव्हा रमाबाईंना आपले आई-बाप आठवले. त्या स्वतः तिकडं गेल्या. उपाशी, अंगावर धड कापड नसलेल्या मुली गोळा करून त्यांनी टोळी-टोळीनं आणल्या. अशा सुमारे तीनशे झाल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेग आला. शहरात एवढ्या मुली ठेवायला सरकारनं मनाई केली. मग बागेसाठी घेतलेल्या केडगावच्या माळावर तंबू नि गवताच्या झोपड्या पडल्या. प्लेगच्या दवाखान्यात पाठवलेल्या मुलींच्या हालांबद्दल रमाबाईंनी वर्तमानपत्रातून थेट सरकारवर टीका केली. राज्य इंग्रजांचं, धर्मही तोच, तरी त्या गप्प बसल्या नाहीत. लेक माझी आहे, तिचं काय झालं ते सांगा, अशी त्यांची भूमिका होती.

१८९८ मध्ये या वस्तीला मुक्ती हे नाव मिळालं. मग १९०० च्या आसपास गुजरात-राजपुतान्यात छप्पनियाचा दुष्काळ पडला. पुन्हा मुली आल्या. मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या जवळ गेली.

प्रत्येकीला काम

एका बाईला दोन हजार लेकरं सांभाळणं शक्य नाही. इथंच रमाबाईंचं वेगळेपण दिसतं.

आधी आलेली मुलगी नव्या मुलीची ताई झाली. जिला चार अक्षरं येत होती, तिनं दोन अक्षरं शिकवायची. शारदा सदनात शिकलेल्या विधवा आता शिक्षिका झाल्या, कोठार सांभाळू लागल्या, आजाऱ्यांची शुश्रूषा करू लागल्या. ज्यांची सावली अशुभ मानली जायची, त्यांच्याच मांडीवर दुष्काळातली पोरं झोपू लागली. दुसऱ्या दुष्काळात तर मुली शोधून आणायलाही रमाबाईंनी आपल्याच संस्थेतल्या बायका पाठवल्या. काल ज्यांना कुणीतरी वाचवलं होतं, त्या आज दुसऱ्यांना वाचवायला निघाल्या.

कामं तरी किती! शेती, बाग, गाई-म्हशी, विहिरीचं पाणी, दळण, शेकडोंचा स्वयंपाक, धुणं, तेलाचा घाणा, विणकाम, शिवणकाम. छापखान्यात खिळे जुळवणं, छपाई, पुस्तकं बांधणं, हे सगळं मुलीच करत. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन होतं, म्हाताऱ्या नि दुबळ्यांसाठी प्रीती सदन. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायची ब्रेल लिपी शिकवली जाई.

शारदा सदनातली जातीची पंगत इथं राहिली नाही. दुष्काळानं सगळ्या जातींच्या मुली आणल्या होत्या. शेतकऱ्याची, मजुराची, ब्राह्मणाची लेक एकाच घरात राहू लागली.

ख्रिस्ती शिकवणीत मंडळीला शरीराची उपमा दिली आहे. हात, पाय, डोळा, कान, सगळे वेगळे, पण एकाचं दुसऱ्यावाचून चालत नाही. दुबळा वाटणारा अवयवही गरजेचा. ही गोष्ट उपदेशात ऐकायला सोपी आहे. धर्मोपदेशकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मिशननं द्यायचं, लोकांनी घ्यायचं, अशीच रीत तेव्हा बहुतेक ठिकाणी होती. मुक्तीत मात्र प्रार्थना सांगायलाही मुलीच पुढं होत्या. १९०५ मध्ये इथं मोठी धार्मिक जागृती झाली. मुलींचे गट तासन्‌तास प्रार्थना करत आणि आसपासच्या गावांत जाऊन आपल्या श्रद्धेबद्दल बोलत. एखाद्या पंथाच्या शिक्क्याची रमाबाईंनी वाट पाहिली नाही.

हे सगळं गोडच होतं, असं नाही. उपासमारीनं खंगलेल्या कित्येक मुली आल्यावरही वाचल्या नाहीत. शिस्त कडक होती. धर्मांतरावरून टीका होतच राहिली. जुने स्नेही दुरावले ते दुरावलेच.

शेवटचं काम

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी एक अवघड काम हाती घेतलं. खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला समजेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबलचं भाषांतर. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या. ऐकू येणं जवळजवळ बंद झालं होतं, तब्येत साथ देत नव्हती, तरी वर्षानुवर्षं हे काम चाललं. छपाई बाहेर दिली नाही. मुक्तीच्याच छापखान्यात मुली खिळे जुळवायच्या, रमाबाई तपासायच्या.

१९१९ मध्ये सरकारनं त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. त्यानंतर दोनच वर्षांनी, जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. वय अवघं चाळीस. आईनंतर संस्था तीच सांभाळणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. आई-बाप, बहीण, भाऊ, नवरा आणि आता लेक. रक्ताचं म्हणावं असं जवळचं कुणी उरलं नाही. रमाबाई भाषांतराच्या कामाला पुन्हा बसल्या. शेवटची तपासणी पूर्ण केली आणि लगेचच, ५ एप्रिल १९२२ ला, त्यांनी देह ठेवला.

संस्था बंद पडेल असं तेव्हा कुणालाही वाटलं असतं. पण एकट्या रमाबाईंवर ती उभी नव्हती. गाईंची धार काढणारी, वर्गावर शिकवणारी, आजाऱ्याजवळ रात्र जागणारी, प्रत्येकीला आपलं काम ठाऊक होतं. १९२४ मध्ये संपूर्ण मराठी बायबल मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडलं. १९८९ मध्ये भारत सरकारनं रमाबाईंच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. निराधार बायका-मुलांसाठी केडगावचं मुक्ती मिशन आजही काम करतं.