पक्ष्याच्या पोटात काय गेले?

१९३० मध्ये डॉ. सालिम अली बर्लिनहून मुंबईला परतले, तेव्हा त्यांची नोकरी उरली नव्हती. प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयातील त्यांचे मार्गदर्शक-व्याख्याता हे पद पैशांअभावी रद्द झाले होते. वय ३३, हाती विद्यापीठाची पदवी नाही, ब्रह्मदेशातला धंदाही आधीच बसलेला. पत्नी तहमीना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले आणि तिथल्या झाडावरची सुगरणीची घरटी न्याहाळू लागले.

एकच नर एकामागून एक घरटी विणतो आणि एकाहून अधिक माद्यांशी संसार थाटतो, हा त्यांचा निष्कर्ष गाजला. शेतकऱ्याला मात्र सुगरण दिसते ती कणसांवर. पण तोच पक्षी पिल्लांना टोळ आणि अळ्याही भरवतो. म्हणजे पक्षी पिकाचा शत्रू की मित्र, हे ठरवायला त्याच्या खाण्याचा जमाखर्च मांडावा लागतो. या विषयाला सालिम अलींनी महत्त्व दिले आणि १९३६ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आर्थिक पक्षिशास्त्रावर लिहिले. पद्धत रांगडी होती. मारलेल्या पक्ष्याचे पोट उघडायचे आणि दाणे, भुंगेऱ्यांचे पंख, टोळांच्या तंगड्या वेगळ्या करायच्या.

याच यादीतून शेतातल्या विषाची वाटही कळते.

विसाव्या शतकात बुरशीपासून वाचवण्यासाठी बियाण्याला पाऱ्याची सेंद्रिय संयुगे चोळत. आपल्याकडेही सेरेसान, अ‍ॅग्रोसान ही नावे जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडी होती. स्वीडनमध्ये १९५० च्या दशकात असे बी टिपणारे पक्षी मरू लागले, पाठोपाठ त्यांना खाणारे ससाणे आणि घुबडे. मिथिल पारा शरीरातील प्रथिनांना चिकटतो आणि फार सावकाश बाहेर पडतो. त्यामुळे दाण्यापेक्षा दाणे खाणाऱ्यात आणि त्याच्यापेक्षा त्याला खाणाऱ्यात तो जास्त साठतो. पक्ष्याला त्यातून सुटायचे दोन मुख्य मार्ग म्हणजे झडणारी पिसे आणि मादीच्या बाबतीत अंडी. दुसऱ्या मार्गाने विष पुढच्या पिढीत उतरते.

पिसांचा पुरावा स्वीडिश शास्त्रज्ञांनी संग्रहालयातून काढला. एकोणिसाव्या शतकापासून जपलेल्या पक्ष्यांच्या पिसांतला पारा त्यांनी मोजला. जुन्या पिसांत तो कमी होता आणि १९४० नंतर एकदम वाढला होता. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कपाटांत सालिम अलींनी आणि इतरांनी ठेवलेले हजारो पक्षी ठिकाण-तारखेच्या चिठ्ठीसह आहेत. त्यांचे मोल केवळ नावे ओळखण्यापुरते नाही, ते यामुळेच. स्वीडनने १९६६ मध्ये मिथिल पाऱ्याच्या बीजप्रक्रियेवर बंदी घातली. इराकमध्ये १९७१-७२ च्या हिवाळ्यात पेरणीसाठी आलेल्या अशाच गव्हाच्या भाकऱ्या लोकांनी खाल्ल्या आणि रुग्णालयांत साडेचारशेहून अधिक माणसे दगावली.

अहिल्यानगर जिल्ह्याला हे परके नाही. प्रवरानगरपासून पसरलेल्या उसाच्या पट्ट्यात बेणेप्रक्रिया हे नेहमीचे काम. मिथॉक्सी इथिल मर्क्युरी क्लोराइड हे पाऱ्याचे बुरशीनाशक इतर पिकांसाठी बंद झाल्यावरही भारतात ऊस आणि बटाट्याच्या बेण्यासाठी चालू होते. त्यावर पूर्ण बंदी आली ती २०१८ मध्ये. अकोले तालुक्यातल्या भातखाचरांची गोष्ट वेगळी. दगडी कोळशाच्या धुरातून हवेत गेलेला पारा पावसाबरोबर कुठेही उतरतो, आणि साचलेल्या पाण्याखालच्या चिखलात, जिथे प्राणवायू पोचत नाही तिथे, जिवाणू त्याचा मिथिल पारा करतात. चिखलातल्या किड्यांना कोळी खातो, कोळ्याला पक्षी. मधला कोळी म्हणजे साखळीत आणखी एक पायरी.

जिल्ह्याच्या दक्षिणेला, कर्जत-श्रीगोंद्याच्या माळरानावर, सालिम अलींचा आवडता माळढोक होता. तो राष्ट्रीय पक्षी व्हावा असा त्यांचा आग्रह होता. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून माळढोक अभयारण्य जाहीर झाले आणि १९८१ पासून सोसायटीने या पक्ष्याचा सविस्तर अभ्यास हाती घेतला. तेव्हा सालिम अली ८४ वर्षांचे होते.

माळढोक ज्वारी-बाजरीचे दाणे खातो, टोळ, भुंगेरे आणि सरडेही खातो. त्यामुळे शेतातले विष त्याच्यापर्यंत दोन्हीकडून पोचू शकते. तो मुख्यतः हटला तो शिकार, माळ नांगरले जाणे आणि विजेच्या तारा यांमुळे. पण वर्षाला बहुधा एकच अंडे घालणाऱ्या पक्ष्याचे तेवढे एक अंडे नासले, तरी ते वर्ष वाया जाते.

डिलन रिप्ले यांच्यासोबत लिहिलेला त्यांचा भारतीय पक्ष्यांवरील दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. त्यात पक्ष्यांचे रंग, घरटी, आवाज यांच्याबरोबर ते काय खातात, याच्याही नोंदी आहेत. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. शेतात कोणता पक्षी काय खातो, हे पाहायला विषाचे अभ्यासक अजूनही तेच खंड उघडतात.