सर गिल्बर्ट वॉकर : पावसाचा हिशेब मांडणारा गणिती

पावसाळ्याचे चार महिने आमच्या कोयनानगरात वर्तमानपत्र हाती आले की प्रथम तीन नावांपुढचे आकडे पाहिले जातात : कोयना, नवजा आणि महाबळेश्वर. मग धरणातील साठा किती टीएमसी झाला ते. एकशे पाच टीएमसीचा हा जलाशय भरला तर राज्याला वीज मिळते आणि कृष्णाकाठच्या मळ्यांना पाणी. तो नको त्या वेळी तुडुंब झाला तर सांगलीच्या लोकांची झोप उडते. 2005 आणि 2019 चे महापूर सांगलीकर विसरलेले नाहीत. अशा या पावसाचे गणित मांडण्यासाठी ज्याने आयुष्याची वीस वर्षे वेचली, त्या सर गिल्बर्ट वॉकर यांची ओळख मला भूगोलाच्या अभ्यासात झाली. पुस्तकात त्यांच्यावर जेमतेम दोन ओळी होत्या. ग्रंथालयातून मिळेल ते वाचून मी हा लेख लिहीत आहे.

गिल्बर्ट टॉमस वॉकर यांचा जन्म 14 जून 1868 रोजी इंग्लंडमधील रॉचडेल या गावी झाला. वडील नगरपालिकेचे अभियंता होते. शहराला पाणी पुरवणारे साठे काँक्रीटने बांधण्याचा प्रयोग त्यांनी त्या काळात केला होता. धरणाच्या सावलीत वाढलेल्या माझ्यासारखीला हा योगायोग मोठा गमतीचा वाटला. मुलगा गणितात अतिशय हुशार निघाला. शिष्यवृत्तीवर शिकत तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात पोहोचला आणि 1889 साली तेथील गणिताच्या अवघड परीक्षेत पहिला आला. त्या परीक्षेच्या श्रमाने प्रकृती ढासळली व हवापालटासाठी त्यांना स्वित्झर्लंडमध्ये हिवाळे काढावे लागले. तेथे ते बर्फावर घसरण्याच्या खेळात तरबेज झाले. बूमरँग फेकण्याचा त्यांना विलक्षण नाद होता. केंब्रिजच्या नदीकाठी ते तासन् तास तो वाकडा लाकडी तुकडा फेकीत आणि तो परत का येतो याचे गणित मांडीत. मित्रांनी त्यांचे नावच बूमरँग वॉकर ठेवले.

अशा या माणसाला हवामानशास्त्राचा गंधही नव्हता. तरीही 1904 च्या आरंभी त्यांना हिंदुस्थानच्या वेधशाळांचे प्रमुख नेमण्यात आले. असे का व्हावे? याचे उत्तर दुष्काळात आहे. 1876 ते 1878 च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसे किड्यामुंगीसारखी मेली. हवामान खाते त्याआधी नुकतेच, 1875 साली, स्थापन झाले होते. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयात बर्फ फार पडले तर पुढचा पाऊस कमी होतो असे ताडले आणि 1886 पासून पावसाचा अंदाज रीतसर जाहीर होऊ लागला. त्यांच्यामागून आलेले जॉन इलियट यांनी अंदाजपत्रक पुष्कळ वाढवले. पण 1899 साली त्यांनी चांगल्या पावसाची आशा दाखवली आणि भयंकर दुष्काळ पडला. टीका इतकी झाली की पुढे काही वर्षे अंदाज गुप्तच ठेवले गेले. सरकारला आता आडाखे नको होते, हिशेब हवा होता. म्हणून गणिती बोलावला.

येथे एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. परक्या सरकारने हा खर्च काही रयतेच्या प्रेमापोटी केला नाही. पाऊस बुडाला की शेतसारा बुडे आणि दुष्काळी कामांवर तिजोरी रिती होई. तरीही पैसा ज्या कामी लागला, ते काम सरकारच्या हेतूपेक्षा मोठे ठरले.

वॉकर यांचा मार्ग साधा पण कष्टाचा होता. पाऊस का पडतो याचे सिद्धान्त त्यांनी बाजूला ठेवले. जगभरच्या वेधशाळांतून हवेचा दाब, तापमान आणि पाऊस यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी मागवल्या. एका ठिकाणचा आकडा वाढला की काही महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणचा वाढतो की घटतो, हे ते जोडी-जोडीने तपासू लागले. तेव्हा संगणक नव्हता. सिमल्याच्या कचेरीत हिंदी कारकून ओळीने बसत आणि हाताने बेरजा-गुणाकार करीत. पहिल्या महायुद्धात माणसे कमी झाली तरी हे काम थांबले नाही. खात्यात त्यांनी जॉर्ज सिम्पसन यांच्यासारखे तरुण शास्त्रज्ञ आणले आणि वरच्या हवेचा अभ्यास करण्यासाठी आग्रा येथे वेधशाळा उभी राहिली. फावल्या वेळात ते सिमल्याच्या दऱ्यांवर पंख न हलवता तरंगणारे पक्षी न्याहाळीत आणि बासरीचा आकार कसा सुधारेल याचा विचार करीत.

त्यांच्या चरित्रातील एक प्रसंग मला सर्वांत जवळचा वाटतो. 1913 च्या फेब्रुवारीत ते मद्रासला गेले होते. तेथे बंदर कचेरीतल्या एका गरीब कारकुनाची गणिताची वही त्यांना दाखवण्यात आली. त्या कारकुनाजवळ पदवी नव्हती, कारण गणितावाचून इतर विषयांत तो नापास झाला होता. वॉकर यांनी वही पाहिली आणि या तरुणाला निर्वेधपणे गणित करता यावे अशी व्यवस्था करण्याबद्दल मद्रास विद्यापीठाला लगेच पत्र लिहिले. विद्यापीठाने दरमहा 75 रुपयांची शिष्यवृत्ती दोन वर्षांसाठी दिली. तो कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून तिची वाट पाहणे म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. म्हणून त्या 75 रुपयांची किंमत मला कोणी समजावून सांगायला नको.

वीस वर्षांच्या आकडेमोडीतून जे निघाले ते आश्चर्यकारक होते. प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागरावर तो घटतो आणि इकडे वाढला की तिकडे घटतो. जणू लहान मुलांचा आडव्या फळीचा सी-सॉच! या हेलकाव्याला त्यांनी दक्षिणी आंदोलन असे नाव दिले. याच वर्षी, म्हणजे 1924 साली, ते निवृत्त होऊन मायदेशी गेले, सर झाले आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेजात प्राध्यापक झाले. पण ज्या कामासाठी सरकारने त्यांना आणले होते ते साधले होते का? प्रामाणिक उत्तर असे की, पुरते नाही. त्यांची सूत्रे काही वर्षे जुळत आणि काही वर्षे फसत. हेलकावा का होतो हे त्यांना सांगता आले नाही, कारण समुद्राच्या पाण्याची उष्णता मोजणारी साधने तेथे नव्हतीच. 4 नोव्हेंबर 1958 रोजी ते निवर्तले तेव्हा त्यांचा शोध बराचसा अडगळीत पडला होता.

त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, 1969 साली, याकोब ब्यर्कनेस या शास्त्रज्ञाने कोडे सोडवले. पेरूच्या किनाऱ्यावरचे कोळी ज्याला एल निनो म्हणत ते तापलेले पाणी आणि वॉकर यांचा हेलकावा ही एकाच गोष्टीची दोन अंगे निघाली. समुद्रावरील वाऱ्याच्या त्या चक्राला ब्यर्कनेसने वॉकर यांचेच नाव दिले. 2023 साली एल निनो आला, ऑगस्ट कोरडा गेला आणि महाराष्ट्रात चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. तो समुद्र तापत असल्याचे महिनोन् महिने आधी कळले होते.

हे कळते ते समुद्रात तरंगणाऱ्या बोयांमुळे. 1982 चा एल निनो जगाला अंगावर येईपर्यंत उमगला नाही. त्यानंतर प्रशांत महासागरात सुमारे सत्तर बोये बसवण्यात आले. 2012 साली अमेरिकेने त्यांची देखभाल करणाऱ्या जहाजाचा खर्च तोडला आणि दोन वर्षांत तिकडून येणारी माहिती निम्म्याहून खाली गेली. आपल्याकडे पुण्याची उष्णदेशीय हवामान संस्था 1962 पासून काम करते. 2012 मध्ये मान्सून मिशन सुरू झाले, 2021 मध्ये खोल समुद्राच्या अभ्यासासाठी 4,077 कोटी रुपयांची योजना मंजूर झाली आणि 2024 मध्ये मिशन मौसमसाठी 2,000 कोटी.

माझे आजोबा डोंगरउतारावर भात आणि नाचणी करतात. यंदा मृगाचे वाहन कोणते ते पंचांगात पाहतात आणि हवामान खात्याला हसतात. वाडीचा रस्ता दर पावसाळ्यात वाहून जातो आणि समुद्रात बोये टाकायला कोटींनी पैसे कुठून येतात, असे त्यांनी मला विचारले. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रस्ता झालाच पाहिजे. पण वॉकर यांचे चरित्र वाचल्यावर मी त्यांना एवढे सांगितले की रस्त्याचा खर्च याच वर्षी दिसतो, आणि या खर्चाचे फळ पंचेचाळीस वर्षांनी आले. मध्येच कोणी नोंदवह्या बंद केल्या असत्या तर ब्यर्कनेसच्या हाती काय लागले असते? आजोबांना ते पुरते पटले नाही. रस्ता होईपर्यंत पटणारही नाही.

वॉकर यांच्यानंतर 1928 साली खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात. तेथून जाणाऱ्या किती जणांना या नावामागचा गणिती ठाऊक असेल? आणि वॉकर यांचे नाव निदान वाऱ्याला तरी मिळाले. सिमल्याच्या थंडीत वीस वर्षे बेरजा करणाऱ्या बहुतेक कारकुनांची नावे आपल्या पाठ्यपुस्तकांत सापडत नाहीत. आजचा प्रत्येक अंदाज त्यांच्याही बोटांचे ऋण आहे. थोर पुरुषाला वंदन करताना त्यांनाही वंदन करणे मला योग्य वाटते.