चर्चच्या दुरुस्तीसाठी वडिलांचं कापड विकलं, पण धर्मगुरूंनी पैसेच घेतले नाहीत. असिसीच्या फ्रान्सिसची गोष्ट

गावात जुन्या देवळाचा किंवा चर्चचा जीर्णोद्धार काढला की सगळ्यात आधी छापलं जातं ते पावतीपुस्तक. मग पैसे कोणाकडून घ्यायचे आणि कोणाकडून नाही, यावरून वाद सुरू होतात. ८०० वर्षांपूर्वी इटलीतल्या एका तरुणासमोर हाच प्रश्न आला होता. त्याचा पहिला प्रयत्न फसला, दुसरा जमला.

हा तरुण म्हणजे असिसीचा संत फ्रान्सिस. २०१३ मध्ये पोप झालेल्या अर्जेंटिनाच्या कार्डिनल बेर्गोलिओ यांनी त्याचंच नाव घेतलं. जुन्या गोव्यात से कॅथेड्रलच्या शेजारचं चर्चही त्याच्याच नावाचं आहे.

सरदार व्हायचं होतं

असिसी हे मध्य इटलीतल्या उंब्रिया भागातलं, डोंगरउतारावर वसलेलं शहर. ११८१ किंवा ११८२ साली फ्रान्सिसचा जन्म इथेच झाला. वडील पिएत्रो दि बर्नार्दोने हे कापडाचे श्रीमंत व्यापारी होते. फ्रान्सिस दिलदार आणि खर्चिक होता. मित्रांच्या मेजवान्यांवर तो हात सैल सोडून पैसे उडवायचा. मोठा लढवय्या सरदार होण्याचं त्याचं स्वप्न होतं.

१२०२ मध्ये असिसीची शेजारच्या पेरुजा शहराशी लढाई झाली. असिसी हरलं आणि फ्रान्सिस जवळपास वर्षभर कैदेत पडला. सुटून आल्यावर त्याने मोठं आजारपण काढलं. बरा होऊन तो पुन्हा लढायला निघाला खरा, पण स्पोलेतोपर्यंत जाऊन माघारी फिरला. त्यानंतर त्याचं मित्रांत मन रमेना. तो एकटाच भटकू लागला, कुष्ठरुग्णांची सेवा करू लागला.

घोड्यासकट सगळं विकलं

असिसीच्या तटाबाहेर सान दामियानो नावाचं छोटं, मोडकळीला आलेलं चर्च होतं. चरित्रकार सांगतात की, तिथे प्रार्थना करताना क्रुसावरच्या ख्रिस्ताने फ्रान्सिसला आपलं पडकं घर दुरुस्त करायला सांगितलं. पुढे या आज्ञेचा अर्थ सगळी ख्रिस्ती धर्मसंस्था सुधारणं असा लावला गेला. फ्रान्सिसने मात्र ती शब्दशः घेतली. त्याच्या दृष्टीने काम होतं भिंतींचं, आणि त्यासाठी पैसा हवा होता.

पैसा वडिलांच्या दुकानात होता. त्याने कापडाचे तागे घोड्यावर लादले, फोलिन्योच्या बाजारात नेऊन विकले, घोडाही विकला आणि चालत परत आला. सगळी रक्कम त्याने सान दामियानोच्या धर्मगुरूंसमोर ठेवली.

धर्मगुरू गरीब होते, पण त्यांनी पैशाला हात लावला नाही. कालपर्यंत चैन करणारा पोरगा एवढे पैसे आणतो, याचा त्यांना भरवसा वाटेना. शिवाय त्याच्या घरच्यांची भीती होतीच. चर्चमध्ये राहायची परवानगी त्यांनी दिली, पण रक्कम नाकारली. फ्रान्सिसने ती थैली खिडकीत भिरकावली आणि ती तिथेच पडून राहिली.

वडील शोधत आले तेव्हा फ्रान्सिस लपून बसला. महिनाभराने तो समोर आला, तेव्हा वडिलांनी त्याला घरात कोंडलं. आईने त्याची सुटका केली. अखेर १२०६ मध्ये प्रकरण असिसीच्या बिशपांपुढे गेलं. त्यांनी फ्रान्सिसला समजावलं की, हा पैसा कदाचित गैरमार्गाने आलेला असेल आणि असा पैसा चर्चवर खर्च झालेला देवाला नको आहे, तेव्हा तो परत करावा.

फ्रान्सिसने पैसे दिले. मग अंगावरचे कपडेही उतरवून वडिलांपुढे ठेवले आणि यापुढे आपला पिता फक्त स्वर्गातला, असं सगळ्यांसमोर सांगितलं. बिशपांनी त्याला आपल्या झग्यात घेतलं. वडील पैसे आणि कपडे घेऊन घरी गेले.

पैसे नको, दगड द्या

चर्च अजून पडकंच होतं आणि फ्रान्सिसकडे आता काहीच उरलं नव्हतं. तो असिसीत परतला आणि गाणी म्हणत रस्त्यारस्त्यावर दगड मागू लागला. जो एक दगड देईल त्याला देवाकडून एक बक्षीस, जो दोन देईल त्याला दोन, असा त्याचा हिशोब होता. काही जण हसले, काहींनी दगड दिले. ते तो स्वतःच्या खांद्यावर वाहून न्यायचा आणि भिंत रचायचा.

हे सोपं नव्हतं. एकदा चर्चच्या दिव्यासाठी तेल मागायला तो एका घराशी गेला. आत ओळखीची माणसं जमलेली पाहून लाजेने मागे फिरला. मग स्वतःवरच चिडून परत आला, सगळ्यांसमोर आपली लाज कबूल केली आणि तेल मागितलं.

पण हा मार्ग चालला. दगड द्यायला श्रीमंत असावं लागत नव्हतं आणि दिलेला दगड परत मागायला कोणी बिशपांकडे जाणार नव्हतं. सान दामियानो उभं राहिलं. त्यानंतर त्याने आणखी दोन चर्च दुरुस्त केली. त्यातलं एक म्हणजे पोर्त्सिउंकोला, एका खोलीएवढं प्रार्थनाघर.

पुढे त्याच्याभोवती माणसं जमली. १२०९ च्या सुमारास पोप तिसरे इनोसंट यांनी त्याच्या संघाला तोंडी मान्यता दिली. १२१२ च्या सुमारास क्लारा ही खानदानी घराण्यातली तरुणी त्याच्या मार्गाला लागली. सान दामियानो हाच तिचा आणि तिच्या सहकारी भगिनींचा मठ झाला. १२२३ च्या नियमावलीत फ्रान्सिसने बंधूंना नाणी स्वतः किंवा दुसऱ्यामार्फत घ्यायला बंदी केली. पोर्त्सिउंकोला बेनेडिक्टाइन मठाचं होतं. ते आपलं नाही याची आठवण राहावी म्हणून फ्रान्सिसचे बंधू त्या मठाला दरवर्षी टोपलीभर मासे भाडं म्हणून द्यायचे.

मृत्यूनंतर उलटा प्रवास

३ ऑक्टोबर १२२६ रोजी पोर्त्सिउंकोलाजवळच फ्रान्सिसचा मृत्यू झाला. १६ जुलै १२२८ रोजी त्याला संत घोषित करण्यात आलं आणि दुसऱ्याच दिवशी असिसीत त्याच्या नावाच्या भव्य बॅसिलिकाची पायाभरणी झाली. त्याआधीच पोप नववे ग्रेगरी यांनी बांधकामाला मदत करणाऱ्यांना प्रायश्चित्तात ४० दिवसांची सूट जाहीर केली होती. बांधकामाची धुरा एलियास या बंधूकडे होती. त्याने देणग्यांसाठी एक संगमरवरी पात्र ठेवलं आणि फ्रान्सिसचा जुना सोबती लिओ याने ते फोडून टाकलं, असं परंपरा सांगते. पैसा आणि मालमत्ता किती ठेवायची, यावरून संघात पुढे अनेक पिढ्या भांडणं झाली.

२६ सप्टेंबर १९९७ च्या भूकंपात या बॅसिलिकाच्या छताचा भाग कोसळला. आत नुकसानीची पाहणी करणारे चौघे ठार झाले. दुरुस्ती करून वास्तू १९९९ मध्ये पुन्हा उघडण्यात आली.

पोर्त्सिउंकोलाभोवती १६ व्या शतकात दुसरी प्रचंड बॅसिलिका बांधायला घेतली गेली, आणि ते छोटं प्रार्थनाघर आज तिच्या पोटात आहे. सान दामियानो मात्र अजूनही तटाबाहेर, ऑलिव्हच्या झाडांमध्ये, लहानच आहे. असिसीला जाणारे लोक तिथेही थांबतात आणि मागून आणलेल्या दगडांवर उभं राहिलेलं ते चर्च पाहतात.